दुसऱ्या पंचाची जागा

मी मास्तरांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी नजर तोंडाकडे गेलीच नाही, गेली ती डाव्या अंगठ्याकडे. निळाकाळा पडलेला अंगठा. नर्सबाईची नजर ती! मनात म्हटलं, माय, म्हाताऱ्याचं बोट सडत चाललंय आणि गावात कुणाला पत्ता नाही. ओळख ना पाळख, मी सरळ हात धरला आणि अंगठा दाबून विचारलं, "दुखतं का?" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शाईचं चपटं पॅड काढून दाखवलं. "शाई आहे सिस्टर. धुतली तरी जात नाही." मग हात सोडवून घेत म्हणाले, "खोली बघायला आलात ना? बघा. पण आधी एक सांगा. पाटकऱ्याला कोणी मारलं असेल?"

"कोणता पाटकरी?"

"ते सांगतो. पण मत द्यावं लागेल. मत दिल्याशिवाय मी कुणाला पाणी देत नाही."

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरच्या त्या गावात मी उपकेंद्राची नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. एकट्या बाईला राहायला मास्तरांचं घर बराबर, असं उपकेंद्राच्या आशाताईनंच सांगितलं होतं. "पन त्याहिच्या खुनाच्या येडाकडं ध्यान देऊ नका," हेही तिनं बजावलं होतं. मी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. कालव्याचं पाणी कोणाच्या रानात कधी सोडायचं ते बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. असा एक पाटकरी चाळीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी चारीत पडलेला सापडला होता, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव घेऊन. मला उन्हानं तहान लागली होती, मी म्हटलं, "बायकोनं मारलं असेल." मास्तरांनी गंभीरपणे वही उघडली, पेन्सिलीनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'नवीन नर्सबाई, मूळच्या सेनगावकडच्या. मत: बायको.' आणि मग माठातलं पाणी दिलं.

त्या घरात मी सात वर्षं राहिले. बायको वारलेली, मुलगा पुण्याला, तो दिवाळीला यायचा आणि भाऊबीजेच्या आत परत जायचा. मास्तर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत, पायजमा तांब्यात निखारे घालून कडक इस्त्री करत, आणि गावातलं कुठलंही चुकलेलं अक्षर दिसलं की खिशातला खडू काढत. माझ्या लसीकरणाच्या फळ्यावर मी कधी एक वेलांटी बरोबर दिली असेन तर शपथ. सकाळी मी लिहायची, दुपारपर्यंत ते सुधारून ठेवलेलं असायचं. मी चिडायची. "मास्तर, लेकराला सुई टोचायची हाय, निबंध लिहायचा न्हाई!" ते म्हणत, "वेड्यावाकड्या अक्षरातली चूक लगेच दिसते, सिस्टर. चांगलं लिहिलेलं चुकीचं असलं तर कुणाला कळत नाही." मला वाटायचं, म्हातारा उगीच शब्दांचा खेळ करतोय. मी लक्ष देत नसे.

आणि एवढं अक्षर असलेला माणूस सही करत नसे. कुठंच नाही. पेन्शनला अंगठा, गॅसच्या टाकीला अंगठा, पोस्टमनच्या कागदावर अंगठा. गावातल्या निम्म्या बायकांना साक्षरतेच्या वर्गात सही करायला त्यांनीच शिकवलेलं. बँकेत त्या बायका ऐटीत सह्या ठोकायच्या आणि त्यांच्याच मागं रांगेत त्यांचे गुरुजी अंगठा वर धरून उभे. एकदा मला मुख्यालयी राहते असा घरमालकाचा दाखला हवा होता. मास्तरांनी असा लिहून दिला की फ्रेम करून लावावा. खाली अंगठा. तालुक्याच्या क्लार्कनं तो दाखला उलटापालटा करून बघितला. "मॅडम, असलं अक्षर अन् खाली आंगठा? तुमीच लिवला न्हवं?" सगळं हापिस हसलं. मी घरी येऊन भांडले. मास्तर म्हणाले, "माझा अंगठा खोटा नाही. हवं तर साहेबाला इथं आणा, समोर उठवतो." आता बोला!

त्यांच्याकडे लोखंडी पेटीत वह्याच वह्या होत्या, सगळ्या त्या एका खुनाच्या. गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं मत. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची जमीन ते सांगत, शेवटच्या टोकाच्या लोकांनी मारला, त्यांच्या रानापर्यंत पाणी पोचत नव्हतं म्हणून. टोकाचे सांगत, छ्या, वरच्यांनीच मारला, चोरून पाणी घेताना त्यानं पकडलं होतं. ज्यांच्या रानाला कालवा लागलाच नाही ते म्हणत, त्याच्याच हापिसातल्यांनी काटा काढला. ज्याचं रान जिथं असेल, खुनी बरोबर दुसऱ्या टोकाला! बायकांचं मत मात्र एकच होतं, बाईची भानगड. फक्त बाई कोणती यावर त्यांच्यात दहा पानं भांडण होतं. न्हाव्याचं म्हणणं, खून झालाच न्हाई, पिऊन पडला आन् चारीच्या दाराच्या लोखंडावर टाळकं फुटलं. त्याखाली मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'घाव एक की दोन, हे न्हाव्यास ठाऊक नाही.'

मी एकदा विचारलं, "तुमचं मत काय मास्तर?"

"मी साक्षीदार आहे. साक्षीदाराला मत नसतं." आणि मग त्यांचं नेहमीचं, "मताला काही लागत नाही हो. साक्षीला लागतं."

साक्षीदार कशाचे, हे मी विचारलं नाही. सोमवारी उपकेंद्रात इतकी गर्दी असायची की दुसऱ्याच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनासाठी मला फुरसत नव्हती.

त्याच सोमवारच्या गर्दीत मेंढके आबा यायचे. पूर्वी शंभरावर मेंढरं होती म्हणे, आता अकरा शेळ्या. त्या लिंबाला बांधायचे, घोंगडी घडी करून मांडीवर ठेवायचे आणि बीपी बघायला हात पुढं करायचे. बोलणं कमी. गोळ्या दिल्या की "येतो माय," एवढंच. उपकेंद्र मास्तरांच्या घरासमोरच. आबा दिसले की ओट्यावर बसलेले मास्तर उठून आत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. मला वाटायचं, शेळ्यांनी मोगरा खाल्ला असेल, त्याचं भांडण. मास्तरांचा मोगऱ्यावर फार जीव होता.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मास्तरांना चिकनगुनियानं धरलं. सांधे असे आखडले की पेन्सिल धरता येईना. मी दुपारी त्यांच्याजवळ बसायची, आणि बसल्या बसल्या काय करणार, वह्या वाचायची. सगळ्या वाचून झाल्या तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. एवढी मतं, एवढी नावं, पण शिक्षा झालेल्या माणसाचा कुठं उल्लेखच नाही. शिक्षा कुणाला तरी झालीच असणार ना? मी आशाताईला गाठलं.

"आगं माय, तुमाला ठाव न्हाई? मेंढके आबाला! जलमठेप. दर सोमवारी तुमी ज्याचं बीपी बघता त्यो."

मी तिला तिथंच खाली बसवलं. "त्यानं केला होता?"

"न्हाई वं! त्या दिशी त्यो कळमनुरीच्या बाजारात मेंढ्या इकून राहिला होता. आमची सासू सांगायची. पाटकऱ्यानं त्याची मेंढरं कोंडवाड्यात घातली व्हती आन् ह्यो चारचौघात बोलला, तुला बघून घेतो म्हणून. बस, तेवढंच झालं."

"गावाला ठाऊक होतं?"

"समद्या गावाला."

"मग बोललं काहून न्हाई कोणी?"

आशाताईनं पदर खांद्यावर घेतला. "इचारलंच न्हाई कोणी," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मास्तरांना पेज भरवताना मी सरळ विचारलं. ताप उतरला होता, अंग गळालं होतं. कदाचित म्हणूनच बोलले असतील.

तेव्हा ते चौथीला शिकवत होते. शाळेच्या व्हरांड्यात पोलीस जमादार येऊन बसला. बरोबर हॉटेलवाला होता, पंचनाम्याला पंच म्हणून धरून आणलेला. दुसरा पंच मास्तर. गावाची रीतच होती ती, कुठलाही सरकारी कागद आला की चला मास्तरांकडं, शिकलेला माणूस, सही वजनदार. जमादाराचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो म्हणाला, तेवढं चांगल्या अक्षरात उतरून द्या. कागदावर एवढंच होतं की आरोपीनं कुऱ्हाड झाडाखालून काढून दिली.

"मी म्हटलं, जमादार, कोणत्या झाडाखालून? कोणत्या दिशेला? किती खोल? असं मोघम लिहितात का?" मास्तर छताकडे बघत सांगत होते. "तो हसला. म्हणाला, तुमीच लिवा की बराबर. आणि मी लिहिलं, सिस्टर. 'गावाच्या उत्तरेस असलेल्या बाभळीच्या झाडाखालून, पूर्वेकडील बाजूस, हातभर खोल खड्ड्यातून आरोपीने स्वतःच्या हाताने काढून दिली.' मी व्हरांड्यातून उठलोसुद्धा नव्हतो. आत पोरांना निबंध घातला होता, हात तसाच चालत गेला. मला वाटलं, खुनी तर सापडलाय, कागदाचं तेवढं राहिलंय. वाक्य चांगलं झालं म्हणून मला आनंद झाला होता."

"आणि कोर्टात?"

"वकिलानं विचारलं, हे तुमच्यासमोर घडलं का? अक्षर माझं, सही माझी. बाहेर अर्धं गाव उभं. आता नाही कसं म्हणू? हो म्हणालो. निकालात माझ्याबद्दल लिहिलंय, सुशिक्षित आणि निःपक्ष साक्षीदार." त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. "हॉटेलवाल्याचा अंगठा होता. त्याला वाचता येत नव्हतं. तो वर जाऊन सांगू शकतो, मला काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. मी काय सांगू? त्या दिवसापासून मीही अंगठाच उठवतो."

मला राग आवरेना. आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडले. "आन् ह्या वह्या? ह्या कशाला भरल्या?"

"खरा खुनी सापडला असता तर..."

तर आबा आपोआप सुटले असते आणि मास्तरांना तोंड उघडावं लागलं नसतं. एवढंच होतं ते. चौदा वर्षं आबा तुरुंगात होते आणि हा माणूस गावभर फिरून मतं गोळा करत होता. आबा सुटून आले तेव्हा बायको मेलेली, मेंढरं भावकीनं वाटून घेतलेली. मुलगाही पुढं लवकर गेला, सून माहेरी निघून गेली आणि मागं राहिली एक नात. ती आबांनीच वाढवली. आणि मास्तर? नवीन वही!

ही नात लसीकरणाच्या दिवशी माझ्याकडे यायची, लेकरांची नावं लिहून घ्यायला. बारावी झालेली, चुणचुणीत, हसली की गाल लाल व्हायचे. तिच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. पोरगी पसंत, सगळं पसंत, पण गावात चौकशी केली की कळायचं, आजा खुनात जाऊन आलाय. आपल्याकडं पाव्हणे आधी मुलीच्या घरी जात नाहीत. आधी गावात उतरतात, कुणा भल्या माणसाकडं चहा घेतात, घराण्याची माहिती काढतात, आणि मग पाऊल पुढं टाकतात नाहीतर तिथूनच जीप वळवतात. त्या गावात भला माणूस म्हणजे मास्तर.

तिसरं स्थळ सेनगावकडचं, माझ्याच भागातलं. आदल्या दिवशी आबा आले. अंगणात पाय न ठेवता फाटकाबाहेरूनच बोलले. मास्तरांना आत पळायला जागा राहिली नाही.

"मास्तर, उद्या पावणे येऊन राहिले. तुमच्याकडंच येतील. येकच वाक्य सांगा त्याहिला. यानं केलं न्हाई, मनावं. लांबण लावू नका."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

"पोरीचं काय चुकलं हो यात? माझं झालं ते झालं."

"सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दाढी केली, कडक इस्त्रीचे कपडे घातले. सकाळपासून ओट्यावर येरझारा. पुटपुटत होते, ते मी ऐकलं. 'त्याने खून केलेला नाही. मी खोटी सही केली.' चौथीतलं पोर पाठांतर करतं तसं. मला वाटलं, चला, देवानं बुद्धी दिली एकदाची.

जीपमधून तिघे पुरुष आणि एक बाई उतरली. मी चहा केला. मुलाचे मामा बोलायला मोकळे होते. पाऊसपाणी झालं, सोयाबीन झालं, मग म्हणाले, "गुरुजी, आडपडदा न्हाई ठेवत. पोरगी बराबर हाय. पन ते खुनाचं काय हो?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मी किटली हातात धरून उभी. त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "थांबा." उठून आत गेले, आणि लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला तेव्हाच मी समजले, घात झाला.

एक तास ते वाचत होते. वरच्यांचं मत, टोकाच्यांचं मत, न्हाव्याचं मत. मधेच थांबून समजावत होते, घाव एक की दोन. चहावर साय आली. शेवटी मामा म्हणाले, "गुरुजी, मला येवढंच सांगा, म्हातारबानं केला का न्हाई केला?"

मास्तर घामानं भिजले होते. "मतं भिन्न आहेत," ते म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमी तर आमच्याच भागातल्या. तुमी सांगा."

आणि मी, जी तीन वर्षांपूर्वी आजारी माणसावर ओरडले होते, ती म्हणाले, "मी बाहेरगावची हो. मला काय ठाऊक." का म्हणाले? मास्तर समोर बसलेले, त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडू कशी, असं मी स्वतःला सांगते. जीप तिथूनच वळली. नात दारात रांगोळी काढून बसली होती, तिच्यापर्यंत कुणी गेलंच नाही.

दोन दिवसांनी दुपारी आबा आले. या खेपेला फाटकातून आत आले आणि पायरीवर बसले. मी मुगाच्या शेंगा सोलत होते. मास्तर बाजेवर. आबांचा आवाज अजिबात चढला नाही, म्हणूनच मला भीती वाटली.

"मास्तर, गावातल्या येकायेकाला इचारलं तुमी. न्हाव्याला इचारलं, बायाला इचारलं, नव्या आलेल्या शिस्टरला इचारलं. मला काहून न्हाई इचारलं?"

मास्तर उठले, वही आणली, पेन्सिल आणली. "सांगा," म्हणाले.

"पेन घ्या. पेन्सल पुसती."

त्यांनी पेन घेतला.

"पाटकऱ्याला कोणी मारलं ते मला ठाव न्हाई. मी बाजारात होतो. पन मला कोणी मारलं ते ठाव हाय. लिवा. गावाच्या उत्तरंला, बाभळीच्या झाडाखालून, पूर्वेकडच्या बाजूला, हातभर खोल खड्ड्यातून." आबांना ते वाक्य तोंडपाठ होतं. "तुरुंगात येका शिकल्याल्या माणसानं मला कागद वाचून दाखवला. म्हनला, बाबा, या वाक्यानं तुला धरलं. मास्तर, गावाच्या उत्तरंला बाभळ कवाच नव्हती. तिकडं कालवा हाय. तुमी येकदा चालत जाऊन बघायचं होतं की हो."

मास्तर रडायला लागले. आबांनी रडू दिलं. मग म्हणाले, "लिवा."

मास्तरांनी सगळं लिहिलं. व्हरांडा, जमादार, निबंध, कोर्टातलं हो. दोन पानं. एकही खाडाखोड नाही. खाली सही केली, पूर्ण नाव, लांब आडवी रेघ ओढून. त्या सात वर्षांत मी बघितलेली त्यांची एकच सही. मग त्यांनी शेजारी दुसरी रेघ आखली आणि पेन माझ्यापुढं धरला.

"पंच दोन लागतात, सिस्टर."

मी वाचलं. दोनदा वाचलं. सगळं खरं होतं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत लिहिलेलं. पण माझी बदलीची फाईल वर गेलेली, सरकारी नोकरी, उद्या कोणी चौकशी लावली तर, साहेबानं विचारलं तर, तुम्ही कशाला पडलात यात? मी म्हणाले, "हात ओले आहेत माझे. उद्या करते. घाई काय त्यात."

आबा घोंगडी झटकून उठले. "व्हय माय," ते म्हणाले, "घाई न्हाई," आणि शेळ्यांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही माझ्या दाराशी ठेवलेली होती. मी आत घेतली, कपाटात ठेवली. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी कोणालाच काही विचारणं सोडून दिलं. फळ्यावरच्या माझ्या चुका तशाच राहू लागल्या. माघाच्या थंडीत ते गेले. मुलगा पोचेपर्यंत अंग मीच पुसून काढलं, अंगठा स्पिरिटनं घासला, पण शाई गेली नाही. पुढं माझी बदली झाली. नात अजून घरीच आहे, शिलाई करते, लग्नाचं नाव काढलं की उठून जाते म्हणे.

वही माझ्याकडे आहे. मास्तरांच्या सहीशेजारची रेघ रिकामी आहे. आता सही केली तरी पहिला पंच राहिला नाही, असं आमच्या ओळखीचे एक वकील म्हणतात. दुसरे म्हणतात, तरी करून ठेवा. मावशी म्हणते, कशाला नसतं लचांड. नवी नर्स म्हणते, मॅडम, मी असते तर मीही केली नसती. मी भेटेल त्याला विचारत असते, तुम्ही असता तर काय केलं असतं? सगळे काही ना काही सांगतात. मेंढके आबांना मात्र मी अजून विचारलेलं नाही.